मुलाखतीनंतर फाइलचं काय होतं? अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलच्या प्रवेश समितीचं कामकाज

रानजाई (धागाकर्ती)

ऑक्टोबर उजाडला की तोच प्रश्न दरवर्षी दहा धाग्यांत विखरून येतो. मुलाखत छान झाली, सहा आठवडे उलटले, पोर्टलवर अजून 'विचाराधीन'च दिसतंय, याचा अर्थ काय घ्यायचा? उत्तरंही तशीच विखुरलेली राहतात. म्हणून मुलाखत संपल्यापासून ऑफर किंवा नकार हाती पडेपर्यंत फाइल कुठून कुठे जाते, तेवढंच या धाग्यात एकत्र करू या. विषय फक्त अमेरिकेतल्या एमडी कॉलेजांचा (तिथे एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी, आपल्या एमबीबीएसच्या जागी). भारतात नीटच्या गुणांवर यादी लागते, मुलाखतीचा प्रश्नच येत नाही. सीईटी सेलच्या फेऱ्या पाहिलेल्या आईवडिलांना इथली पद्धत म्हणूनच अंधारात चाचपडल्यासारखी वाटते.

दरवर्षी साधारण ५२ हजार जण एएमकॅस या सामाईक अर्जपद्धतीतून अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास मुलं कुठल्या ना कुठल्या कॉलेजात दाखल होतात. एकेका कॉलेजाकडे हजारो अर्ज येतात, मुलाखतीला बोलावतात काहीशे जणांना. म्हणजे सगळ्यांत बारीक चाळणी मुलाखतीच्या आधीच लागून गेलेली असते. पुढची चाळणी वेगळ्या जातीची आहे. तिथे सगळेच चांगले असतात आणि चांगल्यांतून निवडायचं असतं.

सगळ्यांत आधी एक गैरसमज दूर करू. बहुतेक कॉलेजांत मुलाखत घेणारी व्यक्ती निर्णय देत नाही. ती अहवाल लिहिते. निर्णय घेणाऱ्या खोलीत पंधरा-वीस माणसं बसलेली असतात, त्यांतल्या बहुतेकांनी तुमच्या मुलाला किंवा मुलीला पाहिलेलंही नसतं. त्यांच्यासमोर असतो तो कागद. मुलाखत 'कशी झाली' यापेक्षा मुलाखतीनंतर 'काय लिहिलं गेलं' हे पुढे चालतं. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं बरंच आपोआप उलगडतं.

क्रम साधारण असा. मुलाखतकार एक-दोन दिवसांत ठरावीक फॉर्म भरतात. त्यात चार ते आठ शीर्षकं असतात: संवाद, स्वतःच्या चुकांची जाण, सहकार्य, नैतिक विचार, सेवेची ओढ, या कॉलेजच्या ध्येयाशी जुळणं वगैरे. प्रत्येकाला अंक आणि अंकामागचं कारण, शेवटी एकूण शिफारस. मग कार्यालयातले कर्मचारी हा फॉर्म मूळ अर्ज, सेकंडरी निबंध (कॉलेज स्वतः वेगळे मागवतं ते), शिफारसपत्रं, कॅस्पर किंवा प्रीव्ह्यू या प्रसंगावर आधारित ऑनलाइन चाचणीचा निकाल आणि नंतर आलेले अपडेट यांना जोडतात. यातलं एखादं पत्र राहिलं असेल तर फाइल इथेच अडकते आणि अर्जदाराला पत्ता लागत नाही. पोर्टलवर 'पूर्ण' असं दिसतंय का, हे म्हणूनच मुलाखतीनंतरही पाहायचं.

फाइल पूर्ण झाली की ती समितीतल्या एका सदस्याकडे जाते. तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, पानभर सारांश करतो आणि बैठकीत मांडतो. चर्चा, मतदान, मग यादी. ऑफर पाठवताना प्रवेश विभागाचे डीन त्या यादीवरून उचलतात. ते कसं, ते प्रतिसादांत येईलच.

निंबोणी

धागा काढलास ते उत्तम झालं. एक नेहमीचा प्रश्न आधीच घेऊ या. मुलाखतीला बोलावलं म्हणजे सगळे एका रेषेवर आले, आता एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) आणि जीपीए (कॉलेजातल्या ग्रेडची सरासरी) विसरा, असं मेडिकलची तयारी करणाऱ्या मुलांचे बरेच सल्लागार सांगतात. यात कितपत तथ्य आहे?

कातळ

अर्धंच. कॉलेजांत तीन पद्धती दिसतात.

पहिलीत खरोखर बेरीज होते: मुलाखतीपूर्वीचा फाइलचा गुणांक आणि मुलाखतीचा गुणांक ठरलेल्या वजनाने मिळवतात. दुसरीत मुलाखत हा उंबरठा असतो. ठरावीक अंकाच्या खाली गेलात तर बाहेर, वर असाल तर पुन्हा पूर्ण फाइलची तुलना. तिसरीत काहीच बेरीज नसते, समिती सगळं नव्याने वाचून मत देते. एका रेषेवर आणणारी कॉलेजं आहेत, पण तो सर्वसाधारण नियम नाही.

बेरजेच्या पद्धतीत वजनाने काय फरक पडतो ते उदाहरणाने सांगतो. हे आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्याही कॉलेजचे नाहीत. 'अ'चा एमकॅट ५१७, जीपीए ३.९, फाइलला १० पैकी ९. मुलाखतीत १० पैकी ६.८. 'ब'चा एमकॅट ५०९, जीपीए ३.७, फाइलला ७.५, मुलाखतीत ९.२. दोन्हींना निम्मं-निम्मं वजन दिलं तर अ ७.९ आणि ब ८.३५, म्हणजे ब पुढे. फाइलला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के दिले तर अ ८.३४ आणि ब ८.०१, म्हणजे अ पुढे. माणसं तीच, मुलाखत तीच, निकाल उलटा.

आणि एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. कागदावरचं वजन आणि प्रत्यक्ष वजन एक नसतं. मुलाखतकार बहुतेकांना ५ पैकी ४ ते ४.५च्या मधे अंक देतात, कारण समोर आलेली मुलं खरंच चांगली असतात आणि कुणाला २ लिहायला हात धजत नाही. सगळ्यांचेच अंक असे एका जागी गोळा झाले की मुलाखतीला ५० टक्के वजन असूनही ती यादी फारशी हलवू शकत नाही. यादी हलवतो तो ज्याच्या अंकांत पसारा जास्त असतो तो भाग. काही कॉलेजं म्हणून प्रत्येक मुलाखतकाराच्या अंकांची त्याच्या स्वतःच्या सरासरीशी तुलना करतात. कडक मुलाखतकाराचा ४ आणि सढळ हाताच्या मुलाखतकाराचा ४ तेव्हा सारखे धरले जात नाहीत.

तरी मुलाखत निर्णायक असते, हे खरंच. प्रवेश अधिकाऱ्यांच्या मतांचं एएएमसीने (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने) २०११मध्ये छापलेलं सर्वेक्षण आहे. ऑफर द्यायची की नाही हे ठरवताना त्यांनी मुलाखतीला जीपीए आणि एमकॅटच्या वर ठेवलं होतं. उलट बाजूही पाहा. जीपीए ३.८ आणि एमकॅट ५१७ या दोन्हींच्या वर असलेल्या अर्जदारांतही पाच-सहा जणांमागे साधारण एकाला कुठूनच ऑफर मिळत नाही. नुसत्या आकड्यांवर पार होता येत असतं तर असं झालं नसतं.

पाणपोई

रानजाईने म्हटलेला 'कागद' नेमका कसा असतो ते जवळून पाहू. एकाच मुलाखतीवर असे दोन अहवाल होऊ शकतात. नमुने माझे, पण धाटणी हीच.

पहिला: "उमेदवार नम्र, उत्साही. संवाद उत्तम. वैद्यकशास्त्राची मनापासून ओढ. शिफारस करतो. ४.५."

दुसरा: "मोफत दवाखान्यात दुभाषाचं काम. रुग्णाने रक्तदाबाची गोळी बंद केल्याचं भाषांतरात राहून गेलं, हे लक्षात येताच डॉक्टरांना थांबवून पुन्हा विचारलं. चूक कुणाची, असं विचारल्यावर आधी स्वतःचा वाटा सांगितला. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या सी ग्रेडबद्दल: नोकरीचे तास आठवड्याला २० वरून १० केले, पुढच्या सहामाहीत ए. मतभेदाच्या प्रश्नावर जरा अडखळली. ४."

अंक पहिल्याचे जास्त. पण खोलीत पहिला अहवाल वाचला की पुढे बोलायला काही उरत नाही. "बरं, चांगली आहे," म्हणून फाइल मधल्या गठ्ठ्यात जाते. दुसऱ्यावर बोलता येतं. मांडणारा सदस्य ती गोळीची गोष्ट सांगतो, शेजारचा डॉक्टर म्हणतो की हे आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही जमत नाही. अडखळण्याची नोंदही विश्वासार्हता वाढवते, कारण लिहिणाऱ्याने डोळे उघडे ठेवून पाहिलंय हे त्यातून कळतं.

म्हणून तयारी करताना प्रत्येक अनुभवातून एक नेमका प्रसंग, त्यात आपण काय केलं आणि पुढे काय बदललं, एवढं दीड-दोन मिनिटांत सांगता यायला हवं. मुलाखतकार खाली मान घालून टिपण करत असतील तर ते फार चांगलं लक्षण आहे. त्यांना लिहायला वेळ द्या, बोलण्याच्या भरात दुसऱ्या विषयावर उडी मारू नका.

अहवालात फाइल बुडवणाऱ्या नोंदीही ठरलेल्या असतात. अर्जात ४०० तास लिहिलेल्या कामाबद्दल चार वाक्यं सांगता न येणं. नापास झालेल्या विषयाचं खापर प्राध्यापकावर फोडणं. 'हेच कॉलेज का' याला कुठल्याही कॉलेजला चालेल असं उत्तर देणं. ऑनलाइन मुलाखतीत नजर सतत पडद्याच्या एका कोपऱ्याकडे जाणं, म्हणजे वाचून उत्तर देणं. कार्यालयातल्या समन्वयकाशी तुसडेपणाने वागणं तर सर्वांत घातक. ती व्यक्ती मत देत नसेलही, पण तिची एक ओळ फाइलला लागते आणि ती ओळ खोलीत मोठ्याने वाचली जाते.

रानजाई

पाणपोई, हे सगळं सोनं आहे. एमएमआयचं, म्हणजे वेगवेगळ्या माणसांनी घेतलेल्या छोट्या मुलाखतींच्या साखळीचं, मात्र थोडं वेगळं असतं ना? तिथे अहवाल एकाचा नसतो.

पाणपोई

हो. एमएमआय निघाली कॅनडात, हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात. त्यावरचा पहिला शोधनिबंध २००४चा. मूळ कल्पना दहा थांब्यांची: दारावरचा प्रश्न वाचायला दोन मिनिटं, आत आठ मिनिटं, घंटा वाजली की पुढचं दार. आता बहुतेक ठिकाणी सहा ते दहा थांबे असतात आणि वेळही थोडा कमी-जास्त.

विचार असा की एका माणसाने तासभर घेतलेल्या मुलाखतीत त्याची आवडनिवड, त्याचा त्या दिवसाचा मूड, उमेदवाराशी जुळलेला एखादा धागा यांचा फार मोठा वाटा असतो. आठ-दहा वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांशी न बोलता अंक दिले तर हा वाटा एकमेकांत विरघळतो. एक थांबा फसला तरी सरासरी तगते. मुलं तिसऱ्या दारात चुकलेलं पाचव्या दारापर्यंत मनात घोळवतात आणि तिथे खरं नुकसान होतं. पाचव्या दारामागच्या माणसाला तिसऱ्याचं काही माहीत नसतं.

समितीसमोर एमएमआय बहुधा एका आकड्याच्या रूपात येते, सोबत एखाद्या थांब्यावर कुणी लाल खूण केली असेल तर ती. चर्चेला खाद्य कमी. त्यामुळे अशा कॉलेजांत निबंध आणि शिफारसपत्रांचं महत्त्व मुलाखतीनंतर पुन्हा वर येतं. काही कॉलेजं म्हणून एमएमआयच्या जोडीला एक छोटी नेहमीची मुलाखतही ठेवतात.

कातळ

समितीच्या खोलीचं चित्र हवं असेल तर त्याचा उत्तम सार्वजनिक दस्तऐवज सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे: कॅलिफोर्निया विद्यापीठ विरुद्ध अ‍ॅलन बॅकी (प्रवेश नाकारला गेलेला अर्जदार), १९७८. सगळे तो राखीव जागांसाठी वाचतात. या विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मेडिकल स्कूलमध्ये १००पैकी १६ जागा वेगळ्या ठेवलेल्या होत्या, ती पद्धत कोर्टाने रद्द केली आणि बॅकीला प्रवेश द्यायला लावला. पण निकालाच्या सुरुवातीला समिती कशी चालायची याची जी हकिगत आहे ती या धाग्यासाठी जास्त मोलाची.

साधारण सहा अर्जांमागे एकाला मुलाखत. मुलाखतीनंतर मुलाखतकार आणि समितीचे इतर सदस्य प्रत्येकी १००पैकी अंक द्यायचे. त्यात मुलाखतीचा सारांश, एकूण जीपीए, विज्ञान विषयांचा जीपीए, एमकॅट, शिफारसपत्रं, इतर उपक्रम असं सगळं एकत्र धरलेलं. १९७३मध्ये अंक देणारे पाच, म्हणजे कमाल ५००. १९७४मध्ये सहा, कमाल ६००. बॅकीला मिळाले ४६८ आणि ५४९.

१९७३ला त्याची फाइल उशिरा पूर्ण झाली. ऑफर जसजशा फाइली येतील तसतशा जात होत्या आणि तोवर सर्वसाधारण गटात ४७०च्या खाली कुणालाच घेत नव्हते. दोन गुण कमी पडले. हीच फाइल आधी आली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न आजही प्रत्येक उशिरा अर्ज करणाऱ्याला लागू आहे.

१९७४ला दोन मुलाखती झाल्या. विद्यार्थी मुलाखतकाराने ९४ दिले आणि मनमिळाऊ स्वभावाचं कौतुक केलं. समितीच्या अध्यक्षांनी ८६ दिले, सहांतले सर्वांत कमी, आणि त्याचा दृष्टिकोन संकुचित असल्याची नोंद केली. त्याच अध्यक्षांकडे त्याने आधी प्रवेशपद्धतीबद्दल तक्रारीचं पत्र पाठवलेलं होतं. एकाच माणसाबद्दल दोन कागद, आठ गुणांचा फरक. आणि वेटलिस्टवर कुणाला ठेवायचं तेही अध्यक्षांच्या हातात होतं, नुसत्या गुणक्रमाने नाही.

पन्नास वर्षांत पुष्कळ बदललं. सुप्रीम कोर्टाच्या २९ जून २०२३च्या हार्वर्ड निकालानंतर अर्जदाराचा वंश निर्णयात धरता येत नाही, समितीला वंशाची चौकट दिसत नाही. पण अनेकांनी स्वतंत्र अंक द्यायचे, ते एकत्र करायचे आणि काठावरच्या फाइलींवर माणसांनी बसून ठरवायचं, हा सांगाडा तोच आहे.

निंबोणी

म्हणजे शेवटी दोन गुणांवर माणसाचं आयुष्य. समितीला एवढं बारीक खरंच ओळखता येतं का?

कातळ

वरच्या आणि खालच्या टोकाला येतं. मधल्या मोठ्या पट्ट्यात नाही, असं मानायला भक्कम आधार आहे. १९७९मध्ये ह्यूस्टनच्या टेक्सास विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने ८०० जणांच्या मुलाखती घेऊन क्रम लावला आणि १५० जागा भरल्या. घेतलेली सगळी मुलं क्रमवारीत पहिल्या ३५०मधली. नंतर विधिमंडळाने ५० जागा वाढवायला सांगितल्या. तोवर वरची मुलं इतरत्र गेली होती, उरली होती ती ७०० ते ८०० क्रमांकांची. त्यांच्यातून ५० घेतली. पुढे दोन्ही गटांची अभ्यासातली आणि वॉर्डातली कामगिरी तपासली, रेसिडेन्सीच्या (पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या) पहिल्या वर्षापर्यंत. फरक सापडला नाही. हा अभ्यास १९८७मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

तेव्हाच्या मुलाखती आजच्यासारख्या ठरावीक साच्याच्या नव्हत्या हे लक्षात घ्यायला हवं. तरी नकार आलेल्या प्रत्येक मुलाच्या घरात हा अभ्यास माहीत असावा, असं मनापासून वाटतं. नकार म्हणजे 'डॉक्टर व्हायला नालायक' असा निकाल नव्हे. त्या खोलीत त्या दिवशी क्रम लावायचा होता आणि तो लावला गेला, एवढाच त्याचा अर्थ.

उंबरठा

बैठकीबद्दल थोडं. समितीत मूलभूत विज्ञानाचे प्राध्यापक, वॉर्डात काम करणारे डॉक्टर, बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विद्यार्थी आणि कधी बाहेरचे नागरिक असतात. एका बैठकीत काही डझन फाइली. एकमताच्या फाइलीला दोन-तीन मिनिटं, वाद असलेल्या फाइलीला पंधराही लागतात. चांगल्या समित्या चर्चेपूर्वीच प्रत्येकाचे अंक नोंदवून घेतात, नाहीतर पहिला बोलणारा किंवा सर्वांत ज्येष्ठ माणूस बाकीच्यांना आपल्या मागे ओढतो. मत गुप्त, बहुधा संगणकावर. ओळखीचा अर्जदार असेल तर सदस्य खोलीबाहेर जातो.

यातूनच नेहमीचा दुसरा प्रश्न येतो: "डीनना कुणी फोन केला, किंवा देणगी दिली तर?" अमेरिकेतल्या एमडी कॉलेजांना मान्यता देणाऱ्या एलसीएमई या संस्थेच्या मानकांत १०.२ क्रमांकाचा घटक आहे. प्रवेशाचा अंतिम अधिकार रीतसर नेमलेल्या समितीचा, मत देणाऱ्यांत प्राध्यापकांचं बहुमत आणि निर्णयावर राजकीय किंवा आर्थिक दबाव नको, असं त्यात स्पष्ट आहे. डीनलाही समितीला डावलून कुणाला घेता येत नाही. मान्यताच धोक्यात येते म्हटल्यावर कॉलेजं हे फार गंभीरपणे घेतात. कुणाकडून तरी शब्द टाकण्याची आपल्याकडची सवय इथे उपयोगी पडत नाही. उलट तशी नोंद झाली तर नुकसान होतं.

रानजाई

उंबरठा, एच-४वर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर) असलेल्या मुलांचं पण लिहा ना. न्यूजर्सी, टेक्सास, बे एरियातल्या कितीतरी मराठी घरांत हा प्रश्न आहे.

उंबरठा

लिहितो. तिसरी-चौथीपासून इथे शिकलेली मुलंही व्हिसावर असतील तर मेडिकल स्कूलच्या दृष्टीने आंतरराष्ट्रीय अर्जदार ठरतात. बरीच राज्य कॉलेजं नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसलेल्यांचा विचारच करत नाहीत. ही गाळणी मुलाखतीच्या कितीतरी आधीची. जी खासगी कॉलेजं घेतात त्यांच्यातही मुलाखतीनंतर आर्थिक पुराव्याचा टप्पा येतो. सरकारी विद्यार्थी कर्ज मिळत नाही, म्हणून काही ठिकाणी एका वर्षाची, काही ठिकाणी चारही वर्षांची फी एस्क्रो खात्यात (त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात) दाखवायला सांगतात. ऑफर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा प्रत्येक कॉलेजची अट अर्जापूर्वीच लिहून काढा.

वयाची २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो आणि बहुतेक मुलं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात. दर्जा बदलला तर कार्यालयाला लगेच कळवा. ग्रीनकार्ड हाती आलं तर त्याच दिवशी कळवा. फाइल 'होल्ड'वर (निर्णय राखून ठेवलेली) असेल तर एवढ्या एका बदलाने ती वेगळ्या यादीत जाऊ शकते.

टेक्सासचा एक खास नियम: तिथल्या सरकारी मेडिकल स्कूलांत किमान ९० टक्के मुलं राज्यातलीच असावी लागतात. डॅलसजवळ राहणाऱ्या कुटुंबाला ही मोठी जमेची बाजू. बाहेरच्याने तिथे अर्ज करताना उरलेले १० टक्के डोळ्यांसमोर ठेवावेत.

पाणपोई

आता यादीवरून ऑफर कशा जातात ते, कारण सहा आठवड्यांच्या शांततेचं उत्तर इथे आहे.

मतदानानंतर फाइली तीन-चार पट्ट्यांत पडतात: घ्या, थांबवा, वेटलिस्ट, नकार. नियमित फेरीतल्या ऑफर १५ ऑक्टोबरच्या आधी देता येत नाहीत. त्या सुमारास पहिला गठ्ठा जातो. नंतर काही कॉलेजं दर पंधरवड्याला किंवा महिन्याला ऑफर देतात, काही सगळं धरून ठेवून फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम. आपलं कॉलेज यातलं कुठलं, हे माहीत नसताना शांततेचा अर्थ लावण्यात काही हशील नाही.

'थांबवा' हा पट्टा सर्वांत कमी समजला जातो. समितीला फाइल आवडलेली असते, पण अजून दोनशे मुलाखती बाकी आहेत, त्यांच्याशी तुलना करून ठरवू, असं त्याचं म्हणणं. जानेवारीत, मार्चमध्ये या फाइली पुन्हा वर निघतात. नवीन काही जोडलेलं असेल तर ते इथे वाचलं जातं.

१५ मार्चपर्यंत प्रत्येक कॉलेजने निदान आपल्या जागांइतक्या ऑफर दिलेल्या असाव्या लागतात. प्रत्यक्षात जागांपेक्षा बऱ्याच जास्त देतात, कारण एकेका मुलाकडे तीन-चार ऑफर असतात आणि सगळे येत नाहीत. इथे डीनचं कौशल्य लागतं. जास्त दिल्या आणि सगळे आले तर प्रयोगशाळेत बसायला जागा नाही. कमी दिल्या तर जुलैपर्यंत वेटलिस्टवर फोन करत बसावं लागतं. राज्यातली मुलं किती, ग्रामीण भागात काम करू इच्छिणारी किती, संशोधनाकडची किती, हा तोलही ते याच टप्प्यावर सांभाळतात. त्यामुळे १४०व्या क्रमांकाच्या मुलाला ऑफर जाते आणि १३५व्याला नाही, असं घडू शकतं.

१५ एप्रिलपर्यंत अर्जदाराने हातात तीनच ऑफर ठेवायच्या, ३० एप्रिलपर्यंत एक. मुलं बाकीच्या सोडायला लागली की वेटलिस्ट हलते. खरी हालचाल एप्रिलअखेर ते जून, थोडीफार वर्ग सुरू होईपर्यंत. ज्यांच्याकडे चार-पाच ऑफर आहेत त्यांनी नको असलेल्या फेब्रुवारीतच सोडाव्यात, ही कळकळीची विनंती. तुमच्यासाठी ते एक बटण आहे, दुसऱ्या कुणाचं वर्ष त्यावर अडलेलं असतं.

निंबोणी

वेटलिस्ट क्रमाने असते का? आणि आभाराची पत्रं, अपडेट, 'तुम्हीच माझी पहिली पसंती' अशी पत्रं, यांचा उपयोग किती?

पाणपोई

काही ठिकाणी क्रमांकाने, काही ठिकाणी वरचा-मधला-खालचा असे थर, काही ठिकाणी नुसता गठ्ठा. गठ्ठा असेल तर जागा सोडणारा कसा होता यावर पुढचा कोण हे ठरू शकतं. क्रमांक सांगतात का, हे कार्यालयाला एकदा नम्रपणे विचारायला हरकत नाही. दर आठवड्याला विचारू नका.

आभाराचं पत्र सभ्यपणा म्हणून पाठवा, दोन-तीन ओळींचं. त्याने अंक बदलत नाहीत, कारण अहवाल बहुतेकदा तोवर भरून झालेला असतो.

पहिल्या पसंतीचं पत्र फक्त एकाच कॉलेजला आणि तेही मनापासून तसंच असेल तर. वेटलिस्टवर असताना त्याला थोडी किंमत येते, कारण डीनना मे महिन्यात 'फोन केला तर हो म्हणेल' असं मूल हवं असतं. दोन कॉलेजांना तेच लिहून पाठवू नका. प्रवेश कार्यालयातली माणसं एकमेकांना ओळखतात आणि शब्द फिरवल्याचं कळलं की विश्वास गेलाच.

अपडेटमध्ये समितीला वापरता येईल असं काहीतरी नवीन हवं. पूर्ण झालेल्या सहामाहीचे ग्रेड, छापून आलेला शोधनिबंध, बदललेली नोकरी आणि तिथलं नेमकं काम, तासांचा नवा आकडा. 'दवाखान्यात जाणं चालू आहे' हा अपडेट होत नाही. 'सप्टेंबरपासून दर शनिवारी ४ तास, आता नव्या स्वयंसेवकांना रक्तदाब मोजायला शिकवते' हा होतो. जानेवारीच्या सुरुवातीला, पानगळीच्या सहामाहीचे ग्रेड हातात आल्यावर एक आणि वेटलिस्टवर गेल्यास एप्रिलच्या शेवटी एक, एवढे पुरे. पत्र एका पानाच्या आत, वर नाव आणि एएएमसी आयडी. पाठवण्यापूर्वी त्या कॉलेजच्या पोर्टलवरची सूचना पुन्हा वाचा. काहींना पत्र फक्त पोर्टलमधून चालतं, ईमेलने नाही. आणि अपडेट स्वीकारत नाही असं जिथे लिहिलेलं असेल तिथे पाठवू नका. तिथे ते वाचलं जात नाही, सूचना पाळली नाही एवढंच नोंदलं जातं.